आपल्या नावावर परक्याचा धंदा



मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या दारात एक भाऊ येऊन उभे राहिले. भिवंडीच्या गोदामात हमालीचे काम करतात. ठेकेदाराच्या हाताखाली, रोजावर. मागे वहिनी होत्या आणि वहिनींच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक पाकीट होते. "दादा, एवढं वाचून सांगा. पोरगं म्हणतं सरकारचं आहे," भाऊ म्हणाले. पाकीट गावच्या पत्त्यावर आले होते, कारण आधारवर अजून गावचाच पत्ता. चुलतभावाने ते लग्नाला येताना आणून दिले, आणि त्यानंतर दोन महिने ते आरशाच्या मागे खोचून ठेवलेले होते.

आम्ही कागद उघडला. भाऊंच्या नावाने दिल्लीत लोखंडी भंगाराची एक फर्म आहे, त्या फर्मने एवढ्या एवढ्या रकमेची बिले फाडली, पण जीएसटी भरला नाही, तेव्हा तुमच्याकडून तो का वसूल करू नये याचा जबाब द्या, असा मजकूर. रक्कम वाचताना शून्ये बोटाने मोजावी लागली. भाऊ नागपूरच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. नागपूरला गेले तेही दसऱ्याला, दीक्षाभूमीवर.

"दोन महिने तुम्ही काय केलंत?" आम्ही विचारले. भाऊंचे उत्तर साधे होते. "आपलं नाहीच ते, म्हणून ठेवून दिलं. आपण कुठं धंदा करतो?"

हे उत्तर ऐकून आम्हाला भाऊंचा राग आला नाही, पण आजचे सदर याच विषयावर लिहायचे हे त्याच क्षणी ठरले. कारण हे एकट्या भाऊंचे दुखणे नाही. आपल्यातल्या किती घरांत असे पाकीट आरशामागे, फोटोमागे किंवा गादीखाली पडून असेल ते सांगता येत नाही. चोरी दुसऱ्याने केली हे खरे. पण सरकारच्या दफ्तरात आजच्या घडीला नाव आपले आहे, आणि ज्याचे नाव आहे तो बोलला नाही तर अधिकारी पुढचा हुकूम एकतर्फी काढतो. आपण गप्प बसलो की चोराला आणखी काही करावे लागत नाही.

आता हे घडते कसे, ते आधी पाहू.

भाऊंना खोदून खोदून विचारले तेव्हा वहिनींना आठवले. दोन वर्षांपूर्वी नाक्यावर एक माणूस येत असे. विमानतळावर लोडरची भरती आहे, कायमची नोकरी, पीएफ, बोनस सगळे मिळेल, असे सांगे. त्याने नाक्यावरच्या पुष्कळ जणांकडून पॅनकार्डाची आणि आधारची झेरॉक्स घेतली, दोन फोटो घेतले आणि म्हणाला, "मोबाईलवर एक नंबर येईल तो लगेच सांगा, नाहीतर फॉर्म रद्द होईल." नंबर आला. भाऊंनी सांगितला. नोकरी काही लागली नाही. वर त्या माणसाने चहापाण्याला म्हणून पाचशे रुपये भाऊंच्याच हातात ठेवले होते. त्यामुळे कुणालाच संशय आला नाही. पैसे मागणाऱ्याचा आपल्याला संशय येतो, देणाऱ्याचा येत नाही.

तो मोबाईलवर आलेला सहा आकडी नंबर म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. आपल्या आजोबा-पणजोबांना सावकार कोऱ्या कागदावर अंगठा उठवायला लावी, मजकूर मागाहून भरी. आजचा ओटीपी म्हणजे तोच अंगठा आहे. आधारशी जोडलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी दिला की कायद्याच्या लेखी आपण सही केली. जीएसटीची नोंदणी त्याने होते आणि आयकराचे रिटर्नही त्यानेच पक्के होते. शिकलेली मुले घरात असूनही हा अंगठा आपण फोनवरून अनोळखी माणसाला उठवून देतो.

मग चोर त्या कागदांचे करतो काय? जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला. त्यात एक सोय आहे. व्यापाऱ्याने माल विकत घेताना जो कर भरला, तो त्याला स्वतःच्या करातून वजा करून मिळतो. समजा, एका फर्मने एक लाखाच्या भंगाराचे बिल दिले आणि त्यावर अठरा टक्क्यांनी अठरा हजार कर दाखवला. बिल घेणारा म्हणतो, हे अठरा हजार मी भरलेत, माझ्या करातून वळते करा. आता भंगार कुठून कुठे गेलेच नाही, नुसते बिल गेले, आणि बिल देणाऱ्या फर्मने ते अठरा हजार सरकारात भरलेच नाहीत, तर? सरकारचे अठरा हजार बुडाले आणि दोघा लबाडांनी ते वाटून घेतले. अशी हजारो बिले फाडायची तर फर्म स्वतःच्या नावाने काढून कसे चालेल? त्यासाठी लागते एखाद्या हमालाचे, रिक्षावाल्याचे, घरकाम करणाऱ्या ताईचे पॅनकार्ड. सहा-आठ महिने बिले फाडली की फर्म गायब. उरते फक्त नाव.

हा उद्योग केवढा मोठा आहे? २०२३ साली १६ मे ते १५ जुलै या दोन महिन्यांत केंद्र आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांनी मिळून देशभर मोहीम काढली. नोंदणी केलेल्या पत्त्यांवर ते जाऊन आले. २१,७९१ फर्मा जागेवर नव्हत्याच. त्यांतून २४,०१० कोटी रुपयांचा कर बुडवल्याचा संशय सरकारनेच जाहीर केला. या फर्मांपैकी कितींच्या मागे भाऊंसारखे नाव होते, याचा विचार वाचकांनी करावा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मथुरेच्या एका रिक्षा ओढणाऱ्या माणसाला आयकर खात्याची साडेतीन कोटींच्या आसपासची नोटीस आली. त्याच्या नावाने कुणीतरी जीएसटी नंबर काढून २०१८-१९ या एका वर्षात ४३ कोटींवर धंदा दाखवला होता. त्या माणसाने पॅनकार्डासाठी एका सेवा केंद्रावर अर्ज केला होता. कार्ड हातात आले तेव्हा ते खरे कार्ड नव्हतेच, त्याची रंगीत झेरॉक्स होती. वाचता येत नसल्यामुळे खरे कोणते आणि झेरॉक्स कोणती हे त्याला कळले नाही. खरे कार्ड भलत्याच्या हाती गेलेले.

आणि मथुरा दूर आहे असे म्हणू नका. जानेवारी २०२० मध्ये आपल्या कल्याणजवळच्या एका रोजंदारी कामगाराला १ कोटी ५ लाखांची आयकराची मागणी आली. २०१६ च्या नोटबंदीत त्याच्या पॅनवर उघडलेल्या एका बँक खात्यात ५८ लाख रुपये भरले गेले होते. चौकशी केली तेव्हा खात्यावरचा फोटो त्याचा नव्हता, सही त्याची नव्हती, फक्त पॅनचा नंबर त्याचा होता. या माणसाचे एक करणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. पहिले पत्र आल्यावर तो स्वतः खात्यात गेला, बँकेत गेला, आणि मग पोलिसांत गेला. फोटो आणि सही खोटी असल्याचे त्याच्या या फेऱ्यांतूनच उजेडात आले. नुसते घरी बसून "मी निर्दोष आहे" म्हटल्याने ते कधीच बाहेर आले नसते.

आता दुसरा प्रकार. हा बोलायला जरा अवघड आहे, कारण यात आपल्यातले काहीजण अर्धे फसलेले आणि अर्धे सामील असतात. कायम नोकरीवाले वाचक, म्हणजे रेल्वे, एसटी, महापालिका, कारखाना यांतले बंधू आणि भगिनी, यांनी हा भाग पुन्हा एकदा वाचावा.

पगारातून कर कापलेला असतो. डेपोच्या किंवा गेटच्या बाहेर कुणीतरी ओळखीचा माणूस भेटतो आणि म्हणतो, "कापलेला सगळा पैसा परत आणून देतो. आलेल्यातले इतके टक्के माझे." आपण त्याला फॉर्म सोळा देतो, पॅन देतो, पासवर्ड देतो आणि ओटीपीही देतो. तो रिटर्नमध्ये लिहितो की या माणसाने राजकीय पक्षाला देणगी दिली, हा घरभाडे भरतो, याच्या घरात दुर्धर आजारी माणूस आहे. प्रत्यक्षात हे गृहस्थ वडिलांनी बांधलेल्या खोलीत राहतात आणि जयंतीच्या वर्गणीखेरीज त्यांनी कुणाला देणगी दिलेली नाही. रिफंड येतो तो मात्र खराखुरा, आपल्याच खात्यात. म्हणून वाटते, सरकारनेच दिला म्हणजे बरोबरच असणार.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा एजंटांवर देशभर १५० ठिकाणी एकाच वेळी तपासणी केली. त्यांत महाराष्ट्रही होता. त्यावेळी खात्याने सांगितले की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली रिटर्ने दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले. पण त्या निवेदनातली आणखी एक गोष्ट आमच्या मनात राहून गेली. हे एजंट ढिगाने रिटर्ने भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल काढतात आणि काम झाले की टाकून देतात. आयकर खात्याच्या नोटिसा त्याच ई-मेलवर जातात, आणि त्या कुणीच वाचत नाही. म्हणजे पूर्वी पोस्टमनने पाकीट तरी आणून दिले असते. आता आपल्या नावाची नोटीस निघते, पोचली अशी नोंद होते, मुदत संपते, आणि आपण मात्र कामावर पाळी भरत असतो.

यात मागाहून "एजंटने केले, मला माहीत नव्हते" हे म्हणणे पुरे पडत नाही. रिटर्नवर नाव आपले, ओटीपी आपला आणि पैसा आपल्या खात्यात. उत्पन्नाची खोटी माहिती दिल्याचे ठरले तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड बसू शकतो, शिवाय कर आणि व्याज वेगळे. ज्यांच्या हातून असे झाले असेल त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की नोटीस यायची वाट पाहू नका. सुधारित रिटर्न भरून दावा मागे घेण्याची वाट कायद्यात आहे आणि तिची मुदत आता ४८ महिन्यांपर्यंत वाढवली आहे. जितका उशीर कराल तितका जादा कर पडतो. पहिल्या बारा महिन्यांत पंचवीस टक्के, आणि शेवटी सत्तर टक्क्यांपर्यंत. चौकशी एकदा सुरू झाली की ही वाट बहुधा बंद होते. ज्यांच्या नावाने त्यांना अजिबात न विचारता रिटर्न भरले गेले आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी तसे लेखी कळवायचे आहे. ते कसे, हे पुढे सांगतो.

त्या रविवारी भाऊंच्या बाबतीत आम्ही पहिल्याने काय केले, तर कागद खरा आहे का ते पाहिले. खोट्या नोटिसांचाही एक धंदा चालतो, घाबरवून पैसे काढण्याचा. आयकर खात्याच्या प्रत्येक पत्रावर १ ऑक्टोबर २०१९ पासून एक ओळख क्रमांक असतो. खात्याच्या वेबसाईटवर नोटीस तपासण्याची जागा आहे, तिथे तो क्रमांक घातला की पत्र खात्यानेच काढले आहे का ते कळते. त्यासाठी पासवर्ड लागत नाही. भाऊंचे पत्र जीएसटीचे होते. जीएसटीच्या वेबसाईटवर पॅनवरून शोधण्याची सोय आहे, तीही फुकट. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे पाच मिनिटांचे काम आहे. पॅन घातला की त्या पॅनवर देशात कुठे कुठे जीएसटी नंबर काढलेले आहेत ते समोर येतात. हा नंबर पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७, गुजरातचे २४. त्यानंतरची दहा अक्षरे म्हणजे आपलाच पॅन. भाऊंच्या पॅनवर एक नव्हे, दोन नंबर निघाले. दुसरा गुजरातचा. त्याची तर अजून नोटीसही आलेली नव्हती. वहिनी तिथेच खाली बसल्या.

आम्ही वाचकांना विनंती करतो की घरात ज्यांच्या ज्यांच्या नावाने पॅनकार्ड आहे, आजीचेसुद्धा, त्या प्रत्येकाचा पॅन एकदा तरी असा तपासून घ्या.

तसेच आयकराच्या वेबसाईटवर आपले खाते आपणच उघडून ठेवा, भले आपले उत्पन्न कराच्या मर्यादेत येत नसो. आपण उघडले नाही तर दुसरा उघडतो. ज्यांचे आधीच उघडलेले आहे त्यांनी त्यात मोबाईल आणि ई-मेल कुणाचा आहे ते पाहावे. एजंटचा निघाला तर त्याच दिवशी बदलावा आणि पासवर्डही बदलावा. त्याच खात्यात वार्षिक माहिती पत्रक मिळते. नोव्हेंबर २०२१ पासून ते सुरू झाले. आपल्या पॅनवर वर्षभरात कुठे पैसा जमा झाला, कुणी कर कापला, कुठली मोठी खरेदी झाली, हे त्यात दिसते. एखादी नोंद आपली नसेल तर ही माझी नाही, असे तिथल्या तिथे कळवता येते. तसे कळवाच. पुढे कुणी विचारले तर आपण अमुक तारखेला नकार दिला होता, याचा तो पुरावा होतो.

मग आम्ही जबाब लिहायला बसलो. यात एक विचित्र अडचण आली. नोटिशीचा जबाब जीएसटीच्या खात्यात शिरून द्यायचा असतो, आणि त्या खात्याचा पासवर्ड अर्थातच चोराकडे. चोरीला गेलेल्या घराची किल्ली आधी दाखवा, मग तक्रार घेऊ, असा हा प्रकार. म्हणून नोटिशीवर अधिकाऱ्याचा जो पत्ता आणि ई-मेल होता, त्यावरच जबाब पाठवला. ई-मेलने एक आणि स्पीड पोस्टने एक. जबाबात पल्लेदार काही नाही. ही फर्म माझी नाही, मी ती काढलेली नाही, मी अमुक साली अमुक गोदामात हमाली करत होतो, माझ्या कागदांचा गैरवापर झाला आहे, नोंदणी रद्द करावी आणि नोंदणीच्या वेळी जे भाडेपत्र, वीजबिल, फोटो आणि सही दिली गेली त्यांच्या नकला मला द्याव्यात. सोबत बँकेचे पासबुक, ईएसआयचे कार्ड आणि हजेरीचा कागद जोडला. हजेरीचा कागद द्यायला मुकादम आधी तयार नव्हता. वहिनी दोन वेळा जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा दिला. ज्या दिवशी दिल्लीत नोंदणी झाली त्या दिवशी भाऊ भिवंडीत पोती उचलत होते, हे दाखवणारा तो एकच कागद होता. म्हणून सांगतो, हजेरी, पगाराची चिठ्ठी, पीएफचा कागद फेकू नका. आपल्याकडे पत्र्याच्या पेटीत जुने रेशनकार्ड जपून ठेवतात, तिथेच हेही ठेवा.

पोलीस ठाण्यात दुसऱ्या दिवशी गेलो. तिथे सांगण्यात आले की गुन्हा दिल्लीचा, तक्रार दिल्लीला करा. हे चूक आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवून घेऊन ती पुढे पाठवायची, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेले आहे. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते, आणि तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आम्ही अर्जावर हे लिहूनच नेले होते. थोडी बोलाचाली झाली, पण अर्जावर शिक्का मिळाला. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही तक्रार टाकली. बँक खात्यातून पैसा गेला असेल तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करायचा असतो. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. अर्जात हे कलम लिहा. कलम लिहिलेला अर्ज परत करायला हवालदारही दोनदा विचार करतो, हा आमचा अनुभव.

वकिलाचे काय, हा प्रश्न भाऊंनी सारखा विचारला. कुणीतरी त्यांना पन्नास हजार खर्च सांगितला होता. वाचकहो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे. त्याखाली अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रियांनाही मिळतो, औद्योगिक कामगारांनाही मिळतो. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींच्या यादीत समावेश आहे, तेव्हा जातीचा दाखला असलेल्या आपल्या लोकांना हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि फोन नंबर १५१०० आहे. आपण शिष्यवृत्तीसाठी आणि नोकरीसाठी दाखला काढतो, पण वकिलासाठी तो दाखवता येतो हे बऱ्याच जणांच्या गावीही नसते. भाऊंना असा वकील मिळाला. तरुण आहे, जीएसटीची प्रकरणे त्याने फारशी चालवलेली नाहीत, पण मन लावून वाचतो.

मुदतींचे तेवढे ध्यानात ठेवा. जीएसटीचा हुकूम विरुद्ध गेला तर अपील तीन महिन्यांत करायचे असते, आणि त्यासाठी वादातल्या कराचा दहावा हिस्सा आधी भरावा लागतो. कोटीच्या मागणीचा दहावा हिस्सा म्हणजे किती, याचा हिशोब भाऊंनी मनात केला आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हणूनच हुकूम निघण्याआधीच जबाब पोचला पाहिजे. आयकराच्या हुकमावर अपिलाची मुदत तीस दिवस. आयकराच्या कलमांचे आकडे आम्ही मुद्दाम दिलेले नाहीत. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा, १ एप्रिल २०२६ ही त्याची तारीख, आणि त्यात कलमांचे आकडे बदललेले. नोटिशीवर जो आकडा छापलेला असेल तोच जबाबात लिहा म्हणजे घोटाळा होणार नाही. आपल्याला न विचारता आयकराचे रिटर्न भरले गेले असेल तर आपला अधिकारी कोण ते त्याच वेबसाईटवर पॅनवरून कळते. त्याला लेखी कळवावे, वेबसाईटवर तक्रार नोंदवावी आणि दोन्हींची पोच ठेवावी. आयकराचा मदतीचा नंबर १८०० १०३ ००२५ आणि जीएसटीचा १८०० १०३ ४७८६.

झेरॉक्स देऊ नका असे म्हणून चालणार नाही. खोली भाड्याने घ्यायची, सिम घ्यायचे, शाळेत नाव घालायचे, सगळीकडे झेरॉक्स मागतात. पण देताना त्या कागदावर आडवे लिहा, कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला दिला. त्याने चोरी थांबेलच असे नाही, पण कागद कुणाकडून फुटला ते तरी कळेल. आधारचे आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, शक्य तिथे ती द्या. घरच्या कर्त्या बायांना आमची खास विनंती आहे. कागदांची पेटी तुमच्या ताब्यात असते. झेरॉक्स घराबाहेर जाईल तेव्हा एका वहीत तारीख आणि नाव टिपून ठेवा, दुधाच्या हिशोबासारखे.

वहिनींनी अशी वही केली आहे. दोनशे पानी. पहिल्या पानावर स्पीड पोस्टच्या पावत्या चिकटवल्या आहेत, दुसऱ्या पानावर पोलीस ठाण्याच्या अर्जाचा नंबर, तिसऱ्यावर वकिलाचा फोन. दिल्लीची नोंदणी सध्या स्थगित झाल्याचे पत्र आले आहे, ती रद्द अजून झालेली नाही. गुजरातच्या नंबरबद्दल केलेल्या तक्रारीला उत्तर यायचे आहे. सुनावणी पुढच्या महिन्यात मंगळवारी आहे, वकिलाच्या लॅपटॉपवरून. त्या दिवशी भाऊंचा खाडा होणार, रोज बुडणार. मुकादमाला त्यांनी आत्ताच सांगून ठेवले आहे, आणि वहिनींनी ती तारीख वहीच्या कव्हरवर लाल पेनाने लिहिली आहे.